स्त्रियांचा शृंगार आणि त्यांचा पैसा

लग्नसराई सुरू झाली म्हणजे नांदेड-लातुराकडील खेड्यांत एक वाक्य वारंवार कानी पडते. चावडीपुढे चार पुरुष बसलेले असतात. उदगीरच्या किंवा देगलूरच्या बाजारातून बायका पिशव्या भरून परत येतात, आणि कोणीतरी म्हणतो, "बायकांच्या हाती पैसा टिकावयाचा नाही." हे बोलणाराच्या हाती बहुधा तंबाखूची पुडी असते व त्याच्या मोटारसायकलीचे दोन हप्ते थकलेले असतात, पण ते असो. प्रश्न विचार करण्याजोगा आहे. मनुष्याच्या अंगावरील वस्त्रालंकारांवरून त्याची पैशाची रीत ओळखता येते काय? आणि येत असल्यास आपण स्त्रियांच्या बाबतीत ती नीट ओळखतो काय?

नांदेड जिल्ह्यात किनवट, मुखेड, कंधार या तालुक्यांत बंजाऱ्यांचे तांडे पुष्कळ आहेत. तेथील वृद्ध स्त्रियांचा जुना पोशाख ज्याने पाहिला असेल त्यास आमचे म्हणणे लवकर समजेल. घेरदार फेटिया, आरसे जडविलेली कांचळी, केसांत घुगरी. आणि या सर्वांवर जुनी नाणी टाकून शिवलेली असतात. परका मनुष्य ते पाहून म्हणतो, केवढी ही नटण्याची हौस! परंतु १९४० सालापूर्वीचा इंग्रजी रुपया हा एक तोळा वजनाचा असून त्यात बारा भागांपैकी अकरा भाग शुद्ध चांदी होती. असे रुपये ज्या बाईने आपल्या वस्त्रावर शिवले तिने हौस केली हे खरे, पण तिने ठेवही ठेविली. तांडा चालत असे, घरास भिंत नव्हती, कुलूप नव्हते, सावकारावर भरवसा नव्हता. मग तिने पैसा ठेवावा कोठे?

गावातल्या शेतकऱ्याच्या व मजुराच्या बायकोची गोष्ट याहून फार निराळी नाही. तिच्या घराला भिंत आहे, कुलूपही आहे. पण किल्ली तिची नाही. पेटीत ठेविलेला पैसा घरातील कोणीही मागतो, आणि मागितल्यावर नाही म्हणण्याची तिची प्राज्ञा नसते. तोच पैसा बोरमाळ होऊन गळ्यात गेला म्हणजे मागणारास थोडी लाज वाटते. गळा मोकळा झाला की शेजारीण विचारते, माहेरचा भाऊ विचारतो, सासूसही उत्तर द्यावे लागते. अंगावरचा दागिना हा साक्षीदारांसमक्ष ठेविलेला पैसा आहे. ज्यास आपण दिखावा म्हणतो त्याचा एक उपयोग हाच की सर्वांनी तो पाहावा, म्हणजे तो गुपचूप नाहीसा होऊ शकत नाही.

आणि वेळ आली म्हणजे तो निघतोच. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्याच्या स्त्रिया रस्त्यांवर खडी फोडावयास गेल्या, तेव्हा कित्येकींच्या अंगावरील मणी सोनाराकडे जाऊन घरात ज्वारी आली. एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहरास मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले, त्या वर्षीही बियाण्यासाठी प्रथम जे गहाण पडले ते बहुधा घरधनिणीचे गंठण होते. पुरुषाची मोटारसायकल गहाण पडल्याचे आम्ही तितकेसे ऐकले नाही.

येथे आम्हां उपदेशकांनी आपलाही दोष पाहावा. पेत्राच्या पहिल्या पत्रातील सोन्याच्या दागिन्यांविषयीचा उपदेश आम्ही पुष्कळ वेळा व्यासपीठावरून स्त्रियांस वाचून दाखविला आहे. त्याच अध्यायात चार ओळी पुढे पुरुषांनी आपल्या स्त्रियांस मान द्यावा असे सांगितले आहे. तेथवर येईतो आमचा वेळ संपलेला असतो.

तथापि प्रत्येक लकाकणारी वस्तू ही ठेव नव्हे, हेही खरे. दिसावयास दोन्ही सारखी, पण मोडावयास गेल्यावर निराळी. हा भेद डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या सत्याग्रह परिषदेत डॉ. आंबेडकरांनी स्त्रियांपुढे बोलताना फार स्पष्ट केला होता. लुगडे नेसण्याची विशिष्ट तऱ्हा, गळ्यात एकावर एक चढविलेल्या गळसऱ्या, कोपरापर्यंत कथलाच्या किंवा चांदीच्या गोटपाटल्या, यांवरून जात ओळखली जाते; नेसण्याची तऱ्हा बदलावयास पैसा पडत नाही; दागिना घालावयाचाच तर सोन्याचा घालावा, नाही तर घालू नये; अशा अर्थाचे ते भाषण होते. पुष्कळ स्त्रियांनी तेथल्या तेथे नेसण्याची रीत बदलली. त्या उपदेशात स्वाभिमान आणि काटकसर ही एकाच दोऱ्यात ओवलेली आहेत. कथलाचे ओझे वाहणारी स्त्री पैसा घालविते व वर कमीपणाही विकत घेते.

आजचे कथील म्हणजे 'एक ग्रॅम'चा दागिना. २०२५ साली दहा ग्रॅम सोन्याचा भाव एक लाख रुपयांपलीकडे गेला, तेव्हा गरिबाने करावे काय? तांब्या-पितळेवर सोन्याचा पातळ मुलामा दिलेला हार घेतला की लग्नात चारचौघींत बसता येते. त्यास आम्ही पाप म्हणत नाही. पण तीन वर्षांत मुलामा उडतो आणि दुसरा हार घ्यावा लागतो. आणि अडचणीच्या दिवशी सोनार तो हाती धरीत नाही. खऱ्या सोन्यातही घडणावळ व घट जाते, पण बाकी काही तरी उरते.

आता आहेराच्या साड्यांविषयी. उदगीरच्या एका कापडदुकानात आम्ही बसलो असता एक प्रौढ बाई आल्या. मुलीच्या लग्नाची खरेदी होती. दुकानदाराने विचारले, "मावशी, नेसायच्या दाखवू की द्यायच्या?" हा प्रश्न त्याने सहज विचारला आणि बाईंनाही त्यात काही विशेष वाटले नाही. द्यावयाच्या साड्यांचा गठ्ठा वेगळा, स्वस्त, चकचकीत व धुतल्यावर विटणारा. त्यांनी चाळीस घेतल्या. विहिणी, नणंदा, जावा, चुलत्या, ज्यांनी कधीकाळी आपणांस दिली त्या सर्व. या चाळिसांतील किती नेसल्या जातात? घेणारी ती पेटीत टाकते व पुढल्या लग्नात दुसरीस देते, ती तिसरीस. एकेक साडी घडी न मोडता तीन-चार तालुके हिंडून येते, आणि कधी कधी मूळ देणारीच्याच घरी परत येते. यात हौस कोणाची? देणारीस ती आवडत नाही, घेणारीस ती नको असते. पैसा मात्र खरा जातो, आणि तो बहुधा कर्जाचा असतो. येथे शृंगारही नाही व ठेवही नाही. येथे फक्त "दिली नाही" असे कोणी म्हणू नये एवढे भय आहे. स्वतःसाठी त्या बाईंनी शेवटी एक सुती साडी घेतली, तीही भाव करून.

म्हणून आमच्या मते विचारावयाचा प्रश्न, बाईने किती खर्च केला हा नव्हे, तर कोणाच्या भयाने केला हा आहे. तिच्या गळ्यातील सोने ही तिची ठेव खरी. पण तेच सोने बापाने लग्नात घातले तेव्हा त्याच्या सातबाऱ्यावर बोजा चढला असेल. २०१७ साली लातूर जिल्ह्यातील एका शेतकऱ्याच्या एकवीस वर्षांच्या कन्येने बापास लग्नाचा भार नको म्हणून आपल्या जिवाचा शेवट केला, आणि तसे लिहून ठेविले. जी वस्तू एका स्त्रीस आधार व्हावी तिचीच धास्ती दुसरीस जीवघेणी झाली. अशा वेळी "बायकांना नटण्याची हौस" हे वाक्य किती पोकळ वाटते!

३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीचा भूकंप झाला. त्यानंतर घरे उभारण्याच्या कामात लातूर व त्या वेळच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतील स्त्रिया पुढे आल्या, आणि त्या भागात बचत गटही वाढले. अंगाशिवाय दुसरीकडे कोठे तरी आपल्या नावाने पैसा ठेवता येतो, हे अनेकींनी तेथे प्रथम पाहिले. जुलै २०२४ पासून सरकारच्या योजनेने पात्र स्त्रियांच्या खात्यांवर दरमहा १,५०० रुपये येऊ लागले, तेव्हा चावडीपुढचे तेच पुरुष पुनः म्हणाले, "आता साड्याच साड्या." कोणी घेतलीही असेल. वर्षानुवर्षे दुसऱ्याने निवडलेली साडी नेसल्यावर पहिली साडी स्वतः निवडली तर त्यात नवल काय?

गेल्या उन्हाळ्यात एका गावी मंडळीच्या सभेत आम्ही सुचविले की, आहेराच्या साड्या बंद कराव्यात आणि तो पैसा सर्वांनी मिळून नवरीच्या बँकेतील खात्यावर भरावा. तरुण मुलींनी माना डोलावल्या. मागे बसलेल्या एका आजीबाई मात्र म्हणाल्या, "पाळकसाहेब, खात्यावरचं तिच्या नवऱ्याला मोबाइलवर दिसल. माझी बोरमाळ माझ्या गळ्यात हाय, ती मलाच दिसती." सभेत हशा झाला. त्यावर आम्हांस त्या वेळी उत्तर सुचले नाही, आणि साड्यांचा ठराव पुढील सभेवर ठेविला आहे.