पायलीचा हिशेब

आबाजींची सगळी नोकरी बल्लारपूरच्या सागवान आगारात गेली. जंगलातून आलेला लठ्ठा ट्रकवरून उतरला, की त्याची लांबी मोजायची, गोलाई मोजायची, टोकाला नंबर घालायचा, हातोड्याचा शिक्का मारायचा आणि वहीत चढवायचा. लिलावाच्या दिवशी लॉटचे नंबर पुकारायचं कामही त्यांच्याकडेच असे. आवाज असा खणखणीत, की शेवटच्या थप्पीपाशी उभ्या व्यापाऱ्यालाही दुसऱ्यांदा विचारावं लागत नसे. 2023 साली अयोध्येच्या मंदिरासाठी बल्लारपूरहून सागवान निघालं, तेव्हा त्यांना निवृत्त होऊन कैक वर्षं झाली होती. तरी टीव्हीसमोर बसून त्यांनी ट्रकवरच्या लाकडाचा अंदाज नजरेनं घेतला आणि तो आजीला सांगितला. आजी म्हणाली, "बरं जी."

निवृत्तीनंतर दोघं सिंदेवाही तालुक्यातल्या आपल्या गावी येऊन राहिले. धानाचं गाव, एका अंगाला बोडी, दुसऱ्या अंगाला जंगल. खरं सांगायचं तर गावात आली ती आजी. आबाजी नुसते राहायला आले. सकाळी पेपर, दुपारी झोप, संध्याकाळी अंगणातली खुर्ची. कोणाची म्हैस व्याली, कोणाच्या पोरीचं जमलं, कोणाच्या बांधीत रानडुकरं शिरली, हे सगळं रात्री जेवताना आजी सांगायची आणि आबाजी "हं" म्हणायचे. एवढ्यावर आपण गावात मिसळलो, अशी त्यांची समजूत होती.

पौषात आजी गेली.

तेरवीपर्यंत घर भरलेलं होतं. मग मुलगा नागपूरला परतला. पंधरा-वीस दिवस शेजारपाजाऱ्यांनी आळीपाळीनं भाजी-भात आणून दिला. जो येई तो हेच सांगे, "आबाजी, आता तुम्ही काहीच करू नका. आराम करा." तेही आराम करू लागले. खुर्ची अंगणातून ओसरीवर आली, ओसरीवरून आतल्या खोलीत गेली.

नवरा गेलेल्या बाईचं आपल्याकडे काय करतात ते सगळ्यांना ठाऊक आहे. 2022 मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं कुंकू पुसण्याच्या, बांगड्या फोडण्याच्या प्रथा बंद करण्याचा ठराव केला, तेव्हा त्यावर उघड चर्चा झाली. पुरुषावर असली बंदी कोणी घालत नाही. त्याला लग्नाला बोलावतात, पंगतीत मानानं बसवतात. पण गावाकडे जाणारी त्याची वाट बहुधा बायकोच्या पायांनी पडलेली असते, आणि ती गेल्यावर कोणत्या घराची कडी कशी वाजवायची हे त्याला कळत नाही. बंदी कोणी घातलेलीच नसते, त्यामुळे ती उठवायलाही कोणी येत नाही.

माघ लागला आणि एक दिवस खालच्या आळीतली एक बाई पदराखाली पायली घेऊन आली. "आजीची उसनी होती जी," म्हणत तिनं तांदूळ सुपात ओतला. शीग चांगली वर आलेली होती. आबाजींनी आपली पायली काढली, तांदूळ मापला, तळव्यानं कडेशी सपाट केला आणि वरचा मूठभर बाईच्या हातात परत ठेवला. "एवढा जास्त आहे." बाई त्यांच्याकडे बघतच राहिली. मग स्वयंपाकघरात गेली, दाराच्या मागे वाकली, बोट ओलं करून भिंतीवरची एक काळी रेघ तिनं पुसली आणि निघून गेली.

आबाजींनी दार ओढून मागे पाहिलं. ढोपरापासून खांद्याच्या उंचीपर्यंत भिंत कोळशाच्या रेघांनी भरलेली. काही उभ्या, काही आडव्या, मध्येच ठिपके, दोन-तीन वर्तुळं. जन्मभर रकाने भरलेल्या माणसाला आपल्याच घरातली वही वाचता येईना.

बोडीजवळ एक मावशी राहायची. तिला बोलावलं. तिनं दाराआड डोकं घातलं आणि घडाघडा वाचून दाखवलं. उभी रेघ म्हणजे दिलेली पायली, आडवी म्हणजे आणलेली. ठिपके मोहफुलाच्या टोपल्यांचे. वर्तुळ म्हणजे पैसे. "अन् कोणती रेघ कोणाची, ते कसं कळायचं?" आबाजींनी विचारलं. "ज्याची त्याले मालूम रायते जी," मावशी म्हणाली.

असला कारभार आबाजींना सोसणारा नव्हता. दुसऱ्याच दिवशी सिंदेवाहीहून जाड पुठ्ठ्याची वही आणली, घेणं-देणं असे रकाने आखले आणि टोपी घालून बाहेर पडले. गावातल्या घरांचे उंबरे ते खऱ्या अर्थानं पहिल्यांदा चढत होते. प्रत्येक घरी बसायला चटई मिळे, काळा चहा मिळे, आणि हिशेबाआधी आजीची एखादी गोष्ट ऐकावी लागे. एका घरी कळलं, सुनेच्या बाळंतपणात आजी दोन रात्री तिथेच जागली होती. आबाजींना तेव्हा ती भजनाला गेली असं वाटलं होतं. रामधून, सामुदायिक प्रार्थना, गुरुदेव सेवा मंडळाचं भजन. घराबाहेर राहायला आजीला ही कारणं पुरत. एकानं एचएमटी तांदळाची पायली परत देताना सांगितलं, बियाणं आजीनंच दिलं होतं. नागभीड तालुक्यातल्या नांदेडच्या दादाजी खोब्रागड्यांनी आपल्या तुकड्यात निवडून काढलेलं हे वाण. ते या भागात आधी दुकानातून नाही, शेतकऱ्याच्या हातातून शेतकऱ्याच्या हाती असंच फिरत गेलं.

टोल्यावरच्या एका गोंड घरी आडवी रेघ निघाली, म्हणजे देणं. कशाचं? मधाचं. दर हिवाळ्यात आबाजींना खोकला धरायचा आणि आजी त्यांना आल्याचा रस मधातून द्यायची. तो मध इथून यायचा. त्या बदल्यात काय जायचं ते घरातल्या बाईला नीट सांगता येईना. कधी लाखोळीची डाळ, कधी पोराला जुना सदरा, कधी काहीच नाही. आबाजींनी खिशातून 500 ची नोट काढली. बाई नको म्हणाली. त्यांनी आग्रह केला. शेवटी तिनं नोट घेतली, मुलाच्या हातात दिली आणि ती चुलीकडे वळली. त्या घरी चहा मिळाला नाही, हे आबाजींच्या लक्षात आलं. का मिळाला नाही, हे नाही आलं.

शिमग्याच्या आधी सगळं मिटलं. वहीची शेवटची बेरीज शून्य आली, तिच्याखाली दोन रेघा ओढल्या. भिंतीला चुना मारला. आगारात वर्षअखेरीला जसं हलकं वाटायचं तसं त्या संध्याकाळी वाटलं.

मग आठ दिवस घरी कोणी आलं नाही. पंधरा दिवस झाले, तरी नाही.

मावशी बोडीवर भांडी घासत होती. आबाजी उगाच तिकडून चालले होते.

"झाला का जी हिशेब?"

"झाला. कोणाचं देणं नाही, कोणाकडं घेणं नाही."

"मंग आता कोन कायले येईल तुमच्या घरी?"

आबाजींना यावर काही सुचेना. मावशीनं राखेचा हात धुतला. "माह्या घरच्याले वाघानं नेलं, तवा गाव असंच म्हने, तू आता रानात येऊ नको, घरी बस, आमी आनून देऊ. तुमची आजी सांजेले आली अन् म्हने, मावशे, मले टोपलीभर मोहफूल उसनं पायजे, तुह्याच हातचं येचलेलं पायजे. तिच्या घरी दोन पोते भरून होते! मी का येडी हाव, मले नाई समजलं? पर गेली मी. दुसऱ्या चैतात त्याच झाडाखाली येचलं."

त्याच संध्याकाळी मावशी पायली घेऊन आबाजींच्या दारात उभी. "एक पायली तांदूळ द्या. मोहाच्या दिवसात देईन." तिच्या घरची कणगी भरलेली असते हे अख्ख्या गावाला माहीत. आबाजींनी तांदूळ मापला आणि सवयीनं तळवा पायलीवर नेला.

"राहू द्या शीग," मावशी म्हणाली.

चैत्रात मोहफूल गळायला लागलं. ते रात्रीतून गळतं आणि पहाटे वेचावं लागतं. रसाळ, पिवळसर पांढरं, बोराएवढं. उन्हात तीन-चार दिवस पसरलं की लालसर तपकिरी होतं. चंद्रपूर जिल्ह्यात आज वाघ 200 च्या वर आहेत, आणि वाकून वेचणारं माणूस वाघाला जनावरासारखंच दिसतं. उन्हाळ्यात असे बळी जातात. वनविभाग सांगतो, एकट्यानं जाऊ नका, उजाडल्याशिवाय जाऊ नका, टोळीनं जा आणि एकानं न वेचता नुसतं लक्ष ठेवा, आवाज देत राहा. हे उभं राहण्याचं काम गेली काही वर्षं आजी करायची, कारण तिचे गुडघे वाकत नव्हते.

"जागा खाली हाय," मावशीनं निरोप धाडला. "येत असान तं या."

पहिल्या दिवशी आबाजी काठी घेऊन गेले आणि तिथे गेल्यावर त्यांच्या ध्यानात आलं, की हाक मारायला आपल्याला कोणाचं नावच ठाऊक नाही. सगळ्या अमक्याच्या घरच्या आणि तमक्याच्या सुना. झाडाखाली उभं राहून त्यांनी एकेकीला नाव विचारलं. बायका तोंडाला पदर लावून हसल्या. कित्येकींना तर गेल्या पुष्कळ वर्षांत कोणी नाव विचारलंच नव्हतं. मग लिलावाच्या आवाजात पुकारा सुरू झाला. थोड्या-थोड्या वेळानं एकेक नाव, आणि झुडपांतून एकेक "ओ". एखादी "ओ" यायला उशीर झाला, की आबाजी काठी आपटत त्या दिशेला निघायचे. एका सकाळी मधवाली बाईही टोळीत होती. तिचं नाव त्यांनी सगळ्यात आधी पुकारलं. दोन पुकारे झाले तरी "ओ" आली नाही, आणि तिसऱ्याला आली ती जरा रागातच.

परतताना प्रत्येकीनं त्यांच्या धोतरात ओंजळ-ओंजळ फूल टाकलं. ते घरी आले तेव्हा त्यांच्यावर अकरा जणींचं देणं होतं.

वैशाखात मुलगा गाडी घेऊन आला. "बाबा, ऊन वाढतंय, एकटे कशाला राहता? चला नागपूरला, कूलर आहे, टीव्ही आहे." आबाजी म्हणाले, आत्ता कसं जमेल? तेंदूपत्ता सुरू आहे, पुडे बांधायला टोल्यावर सांगितलंय, मी बसल्या बसल्या पानं मोजून देतो, सत्तराचा पुडा, एकही पान कमी पडत नाही. नंतर मृग, मग रोवणी. आणि लोकांचं देणंही आहे बरंच.

"देणं?" मुलगा दचकला. तो पाणी प्यायला आत गेला आणि दारामागची भिंत बघून बाहेर आला. पाकीट काढत म्हणाला, "किती आहे ते सांगा बाबा. घरोघर जाऊन आत्ताच्या आत्ता देऊन टाकतो, म्हणजे तुम्ही मोकळे."

आबाजी खुर्चीतून उठले. लिलावातला आवाज ओसरीवर घुमला.

"खबरदार, एकाचंही फेडलंस तर!"

मुलगा पाकीट हातात धरून उभाच राहिला. आबाजींनी टोपी घातली, कोपऱ्यातली रिकामी पायली उचलून त्याच्या हातात दिली आणि म्हणाले, "आलाच आहेस तर चल. मावशीकडून डाळ आणायची आहे. आणि तिनं शीग दिली तर परत करू नकोस."