बावीस अनाथ आणि एक प्रबंध

ज्ञानासाठी वाटेल ती किंमत मोजावी, असे आपण सहज म्हणतो. ती कोणाच्या पदरची जाते, हे मात्र क्वचितच विचारतो. वाचादोषशास्त्राच्या इतिहासातील एका प्रकरणामुळे हा प्रश्न आमची पाठ सोडीत नाही.

अमेरिकेतील आयोवा विद्यापीठाचे वेंडेल जॉन्सन स्वतः तोतरे होते. मुलाच्या स्वाभाविक अडखळण्याला वडीलधाऱ्यांनी ‘तोतरेपणा’ म्हटले की त्यातूनच खरा दोष जन्म घेतो, असा त्यांचा तर्क. १९३९ साली त्यांच्या मार्गदर्शनाखाली मेरी ट्यूडर या विद्यार्थिनीने पदव्युत्तर प्रबंधासाठी तो पडताळून पाहिला. डेव्हनपोर्टच्या अनाथालयातील २२ मुले निवडण्यात आली. त्यांतील सहाजणांचे बोलणे चांगले असूनही त्यांना सांगण्यात आले, की तुम्ही तोतरे होऊ लागला आहात. नीट बोलता येत नसेल तर बोलूच नका. मुले त्यामुळे खरोखर तोतरी झाली, असे पुढील संशोधकांना आढळले नाही. पण ती बुजली, अबोल झाली.

तर्क आईबापांच्या बोलण्याविषयीचा आणि प्रयोग मात्र आईबाप नसलेल्यांवर! का, ते उघड आहे. नकार द्यायला तिथे कोणी नव्हते.

त्या काळी असे नियम नव्हते, हा बचाव आम्ही ऐकला आहे. न्यूरेंबर्गची संहिता १९४७ ची, हे खरेच. परंतु लेकराला खोटे सांगून भिववू नये, हे कळायला संहिता कशाला हवी? ते तर आपल्या आजीलाही ठाऊक असते. शिवाय, हा प्रबंध ग्रंथालयात राहिला, पण कोणत्याही शास्त्रीय नियतकालिकात तो छापला गेला नाही. लपविण्याजोगे काही नव्हते, तर मग हे मौन कशाचे? विद्यार्थिनीचा दोष आम्ही गुरूपेक्षा कमी मानतो, नाही असे मात्र म्हणत नाही. प्रयोगानंतर ती अनाथालयात परत गेली, मुलांची समजूत घालू लागली. म्हणजे तिला कळत होते.

जॉन्सन यांचा हेतू वाईट नव्हता, आणि अवघड गोष्ट नेमकी हीच आहे. मुलाच्या बोलण्यावर सतत बोट ठेवू नका, हा त्यांचा सल्ला आजही घरोघरी उपयोगी पडेल. तो आपण अवश्य घ्यावा. पण त्यासाठी त्या सहाजणांची गरज होती, असे आम्हांस पटत नाही.

विद्यापीठाने २००१ मध्ये क्षमा मागितली. २००७ मध्ये आयोवा राज्याने फिर्यादींना ९,२५,००० डॉलर देण्याचे मान्य केले. आपल्यावर प्रयोग झाला होता, हे त्या मुलांना कळले तेसुद्धा २००१ सालीच, आणि तेही एका वार्ताहराकडून.