देवाने बिल मागितलं नाही

एका गावात मठ होता. हरिनाम सप्ताह बसला की सारी पंचक्रोशी तिथे पंगतीला यायची. एकादशीला भगर आणि शेंगदाण्याची आमटी ठरलेली. एका वर्षी गावातल्या व्यापाऱ्याने भगरीची पोती दान दिली. स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या आजींनी पोत्यात हात घातला, तर आत गुठळ्या. मूठ नाकाशी नेली, तर कुबट वास.

"दादा, हिला ओल लागलीय. नका शिजवू."

कोठारी म्हणाला, "देवाच्या नावानं आलेल्या धान्याला नावं ठेवू नयेत, आजी."

पंगती उठल्या आणि रात्री उलट्या सुरू झाल्या. दवाखान्यात खाटा पुरेनात, तेव्हा बाहेर झाडांना दोर बांधून सलाइनच्या बाटल्या टांगल्या. कोणी दगावलं नाही, एवढंच नशीब. (ओलसर, जुन्या भगरीवर बुरशी धरते आणि ती विषारी ठरू शकते. एकादशी-महाशिवरात्रीच्या सुमारास अशा बातम्या आपण वाचतो आणि विसरतो.)

दुसऱ्या दिवशी अन्न विभागाचा अधिकारी आला. कीर्तन संपेपर्यंत तो मंडपाबाहेर थांबला. मठाचे वकील तयारीत होते. "हा प्रसाद आहे, विक्री नव्हे. मठाची नोंद धर्मादाय आयुक्तांकडे आहे, आणखी कसली नोंदणी? आम्हाला धर्मस्वातंत्र्य आहे."

"आहेच," अधिकारी म्हणाला. "कीर्तन कोणी करायचं, नैवेद्य कसला दाखवायचा, हे मी विचारणार नाही. मला कोठी बघायची आहे. 2006चा अन्नसुरक्षा कायदा नफ्यासाठी चालणाऱ्या आणि न चालणाऱ्या, दोन्ही कामांना लागू होतो. आणि वकीलसाहेब, घटनेच्या 25व्या कलमात धर्मस्वातंत्र्य आहे ते सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन राहून. ही अट कलमाच्या सुरुवातीलाच आहे."

वकील आणखी बोलणार होते. मठाच्या महाराजांनी त्यांना हाताने थांबवलं आणि व्यापाऱ्याला बोलावून घेतलं.

"ही भगर दुकानात का नाही विकलीस?"

व्यापारी बराच वेळ पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "गिऱ्हाईक वास घेऊन परत करायचं, महाराज. बिल मागायचं."

"आणि देवानं बिल मागितलं नाही."

महाराज अधिकाऱ्याकडे वळले. "जबाबदार म्हणून माझं नाव लिहा. कोठाऱ्याचं नको. देवाचं नाव घेतलं की हिशेब विचारायचा नाही, ही सवय त्याला मीच लावली."

दवाखान्याचा खर्च मठाने सोसला. स्वयंपाकघराची नोंदणी झाली. कीर्तनाची वेळ, आरती, नैवेद्य, पंगतीची रीत, यांतलं काहीही बदलावं लागलं नाही.

तुमच्या गावातही सप्ताह होत असेल. विश्वस्त मंडळींनो, भगर सुटी घेऊ नका. पाकिटावरची तारीख वाचा, आणि दानात आलेल्या पोत्याचीही पावती मागा.