जुन्या कॅमेऱ्याचें कातडें

जीर्ण वस्तु नवी करावी कीं आहे तशीच राखावी, हा प्रश्न आम्हांस शिरूर येथें, घोडनदीकाठीं, एका कॅमेऱ्यानें घातला. दौंड जंक्शनवर रेल्वेच्या नोकरींत असलेल्या आमच्या चुलत्यांचा तो जर्मन फिल्म-कॅमेरा. त्याचें काळें कातडें जागोजाग फुगलें आहे. खालच्या पितळी रिव्हेटांना हिरवा कळंक चढला आहे. कडा मात्र चुलत्यांच्या बोटांनीं झिजल्या आहेत.

कोणी गीतेंतील जीर्ण वस्त्रांचा दृष्टान्त देऊन म्हणेल, खुशाल टाका. परंतु येथें तो पुरा पडत नाहीं. कारण आठवण आहे ती वस्त्रावरच. उलट, हात न लावावा तर कळंक वाढून कातडें फाटेल, आणि ती खूणही जाईल.

तेव्हां स्पिरिटानें कातडें हलकेंच सोडवावें, कळंक खरवडावा, आणि तेंच पुन्हां चिकटवावें. जेथें तें टिकणार नाहीं तेथें त्याच मापाचें नवें लावावें. जुना तुकडा मात्र जपून ठेवावा, आणि कॅमेरा दुसऱ्यास देतांना नवें तें नवें म्हणून सांगावें. दुरुस्ती हें पाप नव्हे; ती लपविणें हें असत्य होय.