मूर्ख कोणास म्हणावें?

(१ शमुवेल, अध्याय २५)

मंडळीच्या सभेंत एखादी अक्षरशून्य बाई बोलावयास उभी राहिली, कीं "तिला काय कळतें?" असें म्हणून तिला खालीं बसविणारे लोक आमच्यांत आहेत. अडाणी आणि मूर्ख हे दोन शब्द आम्ही जणूं एकाच अर्थानें वापरतों. शास्त्रांत तसें नाहीं. पेत्र व योहान हे निरक्षर आहेत असें यरुशलेमेंतील अधिकाऱ्यांस दिसून आलें (प्रे. कृ. ४:१३), परंतु शास्त्रानें त्यांस मूर्ख म्हटलें नाहीं.

मग मूर्ख कोण? इब्री भाषेंत या अर्थाचे शब्द अनेक आहेत. त्यांपैकीं 'नाबाल' हा एक. चौदाव्या स्तोत्रांत, देव नाहीं असें मनांत म्हणणाऱ्यास हाच शब्द लाविला आहे, आणि माओन येथील एका धनवानाचें तर तें नांवच होतें. त्याजपाशीं ३,००० मेंढरें व १,००० शेरडें होतीं. एवढा कळप राखणारा मनुष्य मंदबुद्धि असेल असें आम्हांस वाटत नाहीं. दाविदाच्या लोकांनीं रानांत त्याच्या मेंढपाळांचें रक्षण केलें होतें. लोकर कातरण्याच्या दिवसांत दाविदानें दहा तरुण पाठवून कांहीं शिधा मागितला, तेव्हां माझी भाकर, माझें पाणी, माझें मांस असा पाढा वाचून त्यानें त्यांस रिकाम्या हातीं परत लाविलें. लूकाच्या बाराव्या अध्यायांतील, कोठारें मोडून मोठीं बांधूं पाहणारा मनुष्यही असेंच बोलतो. त्यास देवानें लाविलेला शब्द ग्रीक भाषेंत 'आफ्रोन', म्हणजे विवेक नसलेला, असा आहे. त्याची शेती मात्र उत्तम पिकली होती!

नाबालाचें खरें लक्षण त्याच्या चाकरानें सांगितलें. तो धनिणीस, अबीगईलेस, म्हणाला कीं, धन्याशीं कोणास बोलण्याचीच सोय नाहीं (वचन १७). वाचकहो, आमच्या मतें या गड्याचें बोलणें कोशांतील अर्थाहून अधिक उपयोगी आहे. ज्यास कोणी कांहीं सांगूं शकत नाहीं, तो मूर्ख. मग तो कितीही शिकलेला असो. आमच्या मराठींत 'पढतमूर्ख' हा नामी शब्द आहेच. दासबोधाच्या दुसऱ्या दशकांत रामदासांनीं मूर्खलक्षणें सांगून पुन्हां पढतमूर्खासाठीं निराळा समास दिला आहे.

पण शब्द हातीं आला म्हणून तो लोकांवर फेकीत सुटूं नये. भावास मूर्ख म्हणणाऱ्याला प्रभूनें कडक ताकीद दिली आहे (मत्तय ५:२२). त्याच प्रभूनें शास्त्री व परूशी यांस तोच शब्द लाविला (मत्तय २३:१७), हें कित्येकांस कोडें वाटतें. परंतु हे लोक मोशेच्या आसनावर बसून इतरांच्या खांद्यांवर जड ओझीं लादीत होते. तेथें प्रभु ओझ्याखालीं वाकलेल्यांच्या बाजूनें बोलत होता. आम्ही तो शब्द बहुधा वाकलेल्यावरच वापरतों, घरांत सुनेवर, शेतांत गड्यावर.

अबीगईलेनें गड्याचें ऐकिलें व ती लागलीच उठली. २०० भाकरी, ५ रांधलेलीं मेंढरें, अंजिरांच्या २०० ढेपा व आणखी पुष्कळ सामान गाढवांवर लादून ती निघाली. इकडे दावीद ४०० माणसें घेऊन, कमरेस तरवार बांधून, नाबालाच्या घरांतील एकही पुरुष जिवंत न ठेवण्याच्या निश्चयानें येत होता. तोही नाबालाच्याच पंक्तीस बसण्याच्या बेतांत होता. वाटेंत एक परकी स्त्री गाढवावरून उतरून त्याच्या पायां पडली व बोलूं लागली. त्यानें तिला शेवटपर्यंत बोलूं दिलें, तिनें आणिलेलें स्वीकारिलें आणि तिला सुखरूप घरीं पाठविलें.