सूक्ष्म देह आणि सत्याचा यम

योगाभ्यासांत ज्याला सूक्ष्म देह म्हणतात तो खरोखर आहे काय, हा प्रश्न जुनाच आहे. परंतु त्याच्या पोटांत दुसरा एक प्रश्न दडलेला आहे, आणि तो नीतीचा आहे. गेल्या हिवाळ्यांत आष्टीस असतांना पहाटे माझ्याजवळ प्राणायामास बसणाऱ्या एका विद्यार्थ्यानें विचारलें, “सर, तीन महिने झाले, मला तर कांहींच जाणवत नाहीं. तुम्हांला चक्रं जाणवतात का?” ‘होय’ म्हणणें सोपें होतें, त्यानें त्याची श्रद्धा वाढली असती आणि माझी प्रतिष्ठाहि. पाठीच्या कण्यांत कधीं कधीं ऊब वाटते, एवढेंच मला ठाऊक होतें. ती कुंडलिनीची कीं अंगावरच्या घोंगडीची, हें मला सांगतां येत नव्हतें.

सूक्ष्म देहाचें वर्णन सर्व शास्त्रकारांनीं एकसारखें केलेलें नाहीं. सदानंदाच्या ‘वेदान्तसारां’त पांच ज्ञानेंद्रियें, पांच कर्मेंद्रियें, पांच प्राण, मन आणि बुद्धि अशा १७ अवयवांचें लिंगशरीर सांगितलें आहे. हठयोगाचे ग्रंथ ७२,००० नाड्या मोजतात. ‘षट्‌चक्रनिरूपणा’त चक्रें सहा, तर नाथपंथाच्या ‘सिद्धसिद्धान्तपद्धतीं’त नऊ. देहांत अवयव शोधूं जाणाऱ्यास हा मतभेद अडचणीचा वाटणारच. स्वामी दयानंद सरस्वतींनीं नदींतून वाहत आलेलें एक प्रेत बाहेर काढून चिरून पाहिलें. ग्रंथोक्त चक्रें आढळलीं नाहींत, तेव्हां ग्रंथ फाडून प्रेताबरोबरच प्रवाहांत सोडून दिले, असें त्यांनीं आत्मचरित्रांत सांगितलें आहे. उलट मुंबईचे डॉ. वसंत गंगाराम रेळे यांनीं १९२७ सालीं कुंडलिनी म्हणजे उजवा व्हेगस मज्जातंतु होय, असें प्रतिपादिलें. एकानें नाकारलें, दुसऱ्यानें स्वीकारलें. पण सूक्ष्म देह असेल तर तो स्थूल देहांतच सांपडला पाहिजे, हें गृहीत दोघांचेंहि एकच.

मला हें गृहीतच चुकीचें वाटतें. प्रेतांत राग सांपडत नाहीं, लज्जाहि सांपडत नाहीं. म्हणून त्या नाहींत असें कोणी म्हणत नाहीं. चक्रें हीं आंत वळलेल्या अवधानासाठीं आंखलेलीं मुक्कामाचीं ठिकाणें मानलीं, तर त्यांची संख्या सहा कीं नऊ हा वाद उरत नाहीं. तथापि चक्र हा मांसाचा अवयव नव्हे, एवढ्यावरून त्याविषयीं मनास येईल तें सांगण्याची मोकळीक मिळत नाहीं. लोणावळ्यास १९२४ सालीं कैवल्यधाम स्थापन करणारे स्वामी कुवलयानंद यांनीं नौलीच्या वेळीं मोठ्या आंतड्यांतील दाब यंत्रानें मोजला आणि तो बाहेरच्या हवेच्या दाबाहून कमी होतो असें दाखविलें. जें मोजतां येतें तें त्यांनीं मोजलें. जें मोजतां येत नाहीं, तेथें साक्ष एकच उरते: साधकाचा शब्द. म्हणूनच त्या शब्दावर इतरत्र असतो त्याहून अधिक भार पडतो.

कोणी म्हणेल, शिष्याला धीर देण्यापुरतें थोडें असत्य क्षम्य आहे. पण या असत्याचा घाव नेमका कोठें बसतो तें पाहावें. ‘आतां ऊब वाटेल’ असें गुरूनें सांगितलें कीं शिष्याला ऊब वाटूं लागते. आणि ती आपली कीं उसनी, हें मग त्यालाहि कळेनासें होतें. ज्या अवधानानें शोध करावयाचा, तेंच आपण बिघडवून ठेवलेलें असतें. पतंजलींनीं आसन-प्राणायामांच्या आधीं यम सांगितले, आणि अहिंसेच्या पाठोपाठ सत्य घातलें, तें उगीच नव्हे.

आपल्या संतांनाहि हा धोका ठाऊक होता असें दिसतें. गीतेच्या सहाव्या अध्यायांत कुंडलिनीचें नांवहि नाहीं. ज्ञानेश्वरांनीं तेथें नाथपंथाची ती सारी प्रक्रिया विस्तारानें वर्णिली, आणि बाराव्या अध्यायांत त्याच वाटेचे कष्ट सांगून भक्तीची वाट सुगम ठरविली. आष्टी ज्या जालना जिल्ह्यांत आहे, त्याच जिल्ह्यांतील जांब येथें १६०८ सालीं जन्मलेल्या समर्थ रामदासांनीं ‘दासबोधां’त पिंडाचे चार आणि ब्रह्मांडाचे चार असे आठ देह मोजले, मोजले ते मिरविण्यासाठीं नव्हे, एकेक ओलांडून पुढें जाण्यासाठीं. ज्याला सूक्ष्म देह गवसला म्हणून अभिमान वाटतो, त्याला नवा देह नव्हे, अहंकाराला नवा अलंकार मिळाला.

मीं त्या विद्यार्थ्यास सांगितलें, “मला नक्की सांगतां येत नाहीं. इतकेंच कळतें, कीं राग येतांना आतां श्वास बदललेला लक्षांत येतो, आणि कधीं कधीं तेवढ्यानें जीभ आवरते.” त्याची निराशा झालेली दिसली. दुसऱ्या दिवशीं तो आला नाहीं. तिसऱ्या दिवशीं पहाटे आला आणि कांहीं न विचारतां बसला. माझ्या ‘होय’नें तो कदाचित् दुसऱ्याच दिवशीं आला असता, परंतु मग तो काय शोधावयास आला, हें त्याला किंवा मला कधींच कळलें नसतें.