संगमावरील धाकटी नदी



श्रीक्षेत्र नाशिक येथे आलेला यात्रेकरू रामकुंडावर गोदास्नान करून श्रीकाळारामाच्या दर्शनास जातो. तेथून गोदामाईच्या प्रवाहाबरोबर खाली गेल्यास टाकळी येथे नंदिनी नदीचा संगम लागतो. हीच नाशिककरांची नासर्डी. सातपूरकडून भर वस्तीतून सांडपाणी झेलीत येणाऱ्या या नदीला आज पुष्कळ जण नाला समजतात व पुलावरून जाताना नाकास रुमाल लावतात.

परंतु याच संगमावर श्रीसमर्थ रामदासस्वामींनी इ.स. १६२० ते १६३२ अशी बारा वर्षे तपश्चर्या केली. प्रातःकाळापासून माध्यान्हापर्यंत कमरेइतक्या पाण्यात उभे राहून ते गायत्रीचा व त्रयोदशाक्षरी राममंत्राचा जप करीत आणि नंतर माधुकरीसाठी पंचवटीत जात, असे परंपरा सांगते. त्यांनी स्थापिलेल्या गोमय मारुतीचे दर्शन टाकळीच्या मठात आजही घडते. त्या पाण्यात बारा वर्षे सोडाच, बारा क्षण तरी उभे राहणे आज आपणांस शक्य आहे काय?

ब्रह्मगिरीवर गोदावरीही एक बारीक धारच असते. वाटेतील लहानथोर प्रवाहांना पदरात घेत, १,४६५ किलोमीटर वाहून ती सागरास मिळते. धाकटीचे पाणी निर्मळ की मलिन, हे माता विचारीत नाही. जे मिळेल ते पुढे नेते. टाकळीच्या संगमाचे पाणी पुढे पैठणच्या नाथसागराकडे जाते आणि तेच मराठवाड्यातील असंख्य घरांत प्यायले जाते. ज्या एकनाथ महाराजांनी रामेश्वरासाठी आणलेली गंगा तहानेने तळमळणाऱ्या गाढवाच्या मुखी घातली, त्यांच्या गावी आपण कोणते पाणी पाठवितो, याचा विचार प्रत्येकाने करावा.

तीर्थात पाप धुतले जाते, ही आपली श्रद्धा. परंतु तीर्थातच मळ टाकला, तर तो धुण्यास दुसरे तीर्थ कोठून आणावे?

म्हणून यात्रेकरूंना नम्र विनंती, की निर्माल्य, जुन्या तसबिरी वा प्लास्टिकच्या पिशव्या कोणत्याही पुलावरून प्रवाहात टाकू नयेत. निर्माल्य कलशातच अर्पण करावे. दानशूर भक्तांनी अन्नदानाइतकेच जलरक्षणाचे कार्यही पुण्यप्रद मानावे. गोदामाईची ओटी भरताना तिच्या या धाकट्या लेकीची आठवण ठेवावी. लेकीचा मान राखला, की माता आपोआप संतुष्ट होते.

॥ जय जय रघुवीर समर्थ ॥